सहा लाखांची सही

जुलैतला रविवार. उपासना नुकतीच सुटली होती. भायखळ्याच्या आमच्या चर्चच्या पडवीत चहा चालला होता आणि बाहेर पाऊस असा कोसळत होता की घरी निघायचं कुणी नाव काढत नव्हतं. त्या गर्दीत बंधूंनी सिस्टरना खांबाआड नेलं. प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला फॉर्म काढला आणि म्हणाले, "ताई, काल रात्री प्रार्थनेला बसलो होतो. प्रभूने तुमचंच नाव मनात घातलं."

फॉर्म पतपेढीच्या कर्जाचा होता. रक्कम सहा लाख रुपये. 'जामीनदार क्रमांक 2' या रकान्यापुढची जागा कोरी होती.

हे प्रकरण मी दोघांना विचारून लिहितो आहे. खरी नावं देत नाही. सिस्टर पालिकेच्या एका रुग्णालयात परिचारिका आहेत. वॉर्डात सगळे त्यांना सिस्टर म्हणतात आणि मंडळीतही, म्हणजे एका चर्चच्या कुटुंबांतही, बायकांना तसंच म्हणायची पद्धत, म्हणून तेच नाव ठेवलं. बंधू त्याच रुग्णालयात वॉर्डबॉय. कामावर तेही त्यांना 'सिस्टर'च म्हणतात. 'ताई' फक्त चर्चच्या आवारात. त्या दिवशी 'ताई' जरा जास्तच वेळा आलं, असं सिस्टर नंतर मला म्हणाल्या. मी स्वतः पगारदार नोकरांच्या एका पतसंस्थेत 31 वर्षं हिशेब लिहिले, आता निवृत्त आहे आणि आमच्या पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीवर आहे. त्यामुळे कर्ज आणि प्रार्थना या दोन्ही गोष्टी लोक माझ्याकडे घेऊन येतात, बहुधा एकाच पिशवीतून.

नकार का निघत नव्हता

बाहेरच्याला वाटेल, यात एवढं काय? जमत नसेल तर नाही म्हणावं. पण मंडळी म्हणजे काय, हे ठाऊक असलेला असं म्हणणार नाही. अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले. पुढे त्याच मिशनच्या कामातून नगर जिल्ह्यातल्या गावागावांत मंडळ्या उभ्या राहिल्या आणि तिथली माणसं गिरण्यांत, दवाखान्यांत, शाळांत नोकरीसाठी मुंबईला आली. 1970 मध्ये वेगवेगळी प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, पाट्या बदलल्या, बाकं तीच राहिली. कुणाच्या आजोबांनी कुणाला कामाला लावलं, कुणाच्या आईने कुणाचं बाळंतपण केलं, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. आमच्याकडे उपकारांची वही कुणी लिहीत नाही, पण ती बंदही कधी होत नाही.

सिस्टरच्या बाबतीत ही वही जड होती. 2020 च्या टाळेबंदीत त्या कोविड वॉर्डात होत्या. दोन दोन आठवडे घरी जाता येत नव्हतं. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या. एका रात्री सासूबाईंना धाप लागली, लिफ्ट बंद, रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी. त्या वेळी बंधूंनी म्हातारीला खुर्चीत बसवून शेजारच्या पोराच्या मदतीने चार जिने खाली उतरवलं. म्हातारी आजही जिवंत आहे. अशा माणसाने फॉर्म पुढे केला तर पेन आपोआप शोधलं जातं.

सिस्टरनी पेन शोधलं नाही. "दोन दिवस द्या, यजमानांशी बोलते," एवढंच म्हणाल्या. माझ्या मते या प्रकरणातला पहिला शहाणपणाचा निर्णय हाच, आणि तो घेताना त्यांना फक्त घाबरल्यासारखं झालं होतं.

चार दिवसांच्या खुणा

पुढचे चार दिवस त्यांनी जे केलं ते आमच्यातले बहुतेक जण करतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमच्याकडे 31 डिसेंबरच्या रात्री वॉच नाईटची उपासना असते. मध्यरात्रीनंतर टोपलीतून प्रत्येकाने एक वचनाचं कार्ड उचलायचं. तेच आपलं वर्षाचं वचन. सिस्टरना त्या वर्षी यशया 41:10 आलं होतं: "तू भिऊ नकोस, कारण मी तुझ्याबरोबर आहे." कार्ड स्वयंपाकघरात चिकटवलेलं होतं. रविवारी संध्याकाळी कुकरची शिट्टी व्हायची वाट बघत त्या कार्डासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांना वाटलं, उत्तर इथेच आहे. भिऊ नको, म्हणजे सही कर.

यजमान मागे उभे होते. टाळेबंदीत त्यांची खासगी नोकरी गेली, तेव्हापासून मिळेल ते काम करतात, बोलतात कमी. ते म्हणाले, "भिऊ नको असं म्हटलंय. नाही म्हणायला पण तूच भितेस ना?"

या माणसाला प्रवचनाला उभं करायला हवं, असं मी तेव्हापासून म्हणतो आहे. तो तयार होत नाही.

सोमवारी रात्री सिस्टरनी डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडलं. मत्तय 5:42 निघालं: "जो तुझ्याजवळ मागतो त्याला दे." मंगळवारी पुन्हा उघडलं, तर नीतिसूत्रांचा सहावा अध्याय. शेजाऱ्याला जामीन झालास तर फासात अडकलास. जा, त्याच्या विनवण्या कर, डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, हरिणी पारध्याच्या हातून सुटते तसा सुटून जा. बुधवारी त्यांनी शास्त्र उघडलंच नाही. पाळकसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "प्रार्थना करा, प्रभू मार्ग दाखवील." वाक्य चुकीचं नाही. पण याकोबाच्या पत्रात एक प्रसंग आहे. उघड्यानागड्या, उपाशी माणसाला कुणी 'ऊब घ्या, तृप्त व्हा' म्हणून वाटेला लावतो आणि हातावर काही ठेवत नाही. त्याची मला आठवण झाली.

चिठ्ठ्या टाकणं, पान उघडणं, खूण मागणं याची मी टिंगल करणार नाही. माझी आई प्रत्येक मोठ्या कामाआधी पान उघडायची. शास्त्रातही गिदोनाने देवाकडे खूण मागायला लोकर अंगणात ठेवली होती. पण शास्ते 6 नीट वाचलं तर दिसतं की देवाने त्याला काय करायचं ते आधीच सांगितलं होतं. लोकर त्याच्या धास्तीसाठी होती, माहितीसाठी नव्हे. आणि बाराव्या प्रेषिताच्या जागी मत्थियाला निवडायला चिठ्ठ्या टाकल्या त्या पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरण्याच्या आधी. पुढे प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये यरुशलेमेत मोठा पेच पडला तेव्हा कुणी चिठ्ठी टाकली नाही. बसले, वाद घातला, ज्यांनी काम पाहिलं होतं त्यांचं ऐकून घेतलं, आणि मग पत्रात लिहिलं की हे पवित्र आत्म्याला आणि आम्हांला योग्य वाटलं. त्या 'आणि आम्हांला' या शब्दांवरून आम्ही फार लवकर पुढे जातो.

गुरुवारी संध्याकाळी सिस्टर ड्युटी संपवून माझ्याकडे आल्या. फॉर्म पर्समध्ये होता. म्हणाल्या, "काका, देवाची इच्छा काय ते कळेना."

मी म्हटलं, "आधी फॉर्मची इच्छा काय ते बघू."

फॉर्म काय म्हणतो

सिस्टरचा समज असा होता की जामीनदार दोन, म्हणजे बुडालं तर निम्मं निम्मं. आणि तेही बंधूंवर सगळे उपाय करून झाल्यावर. मी 31 वर्षांत शेकडो जामीनदारांना हाच गैरसमज बाळगून सही करताना पाहिलं आहे.

भारतीय करार कायदा 1872, कलम 128. जामीनदाराची जबाबदारी मुख्य कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. म्हणजे संस्थेने आधी कर्जदाराच्या मागे धावावं आणि मग जामीनदाराकडे यावं, असं बंधन नाही. पतपेढ्यांच्या छापील करारात दोन्ही जामीनदार 'संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या' जबाबदार असतात. ज्याचा पगार हाताशी, त्याच्याकडून पूर्ण वसुली होऊ शकते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 49 खाली सभासद पगारातून कपातीचं संमतिपत्र देतो. थकबाकी वाढली तर कलम 101 खाली वसुली दाखला निघतो, आणि त्याची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. जामीनदाराने पैसे भरले तर ते कर्जदाराकडून मागण्याचा हक्क त्याला कायद्याने मिळतो, हे खरं. पण ज्याच्याकडे पतपेढीला द्यायला नव्हते, त्याच्याकडे जामीनदाराला द्यायला कुठून येणार?

मग आकडे मांडले. सहा लाख, 11 टक्के, 60 हप्ते: महिन्याला साधारण 13,045 रुपये. सिस्टरचा हातात येणारा पगार 58,000. बदलापूरच्या फ्लॅटचा हप्ता 19,000. सासूबाईंची औषधं, मुलाची बारावी आणि क्लास, वाणसामान, पास, चर्चला द्यायचा दशांश. शेवटी उरतात साधारण 9,000, तेही कुणी आजारी पडलं नाही तर. त्यांचं वय 51, निवृत्ती 58 ला.

नीतिसूत्रे 22 मध्ये जामिनाबद्दल एक फार घरगुती प्रश्न आहे: फेडायला काही नसेल तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण का काढून न्यावं? मी तो वाचून दाखवला. सिस्टर म्हणाल्या, "माझं अंथरूण गेलं तर चालेल. पण त्या अंथरुणावर सासूबाई आहेत."

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे, कारण नीतिसूत्रांतली ही वचनं आमच्यातले सुखवस्तू लोक नकाराचं प्रमाणपत्र म्हणून वापरतात. शास्त्रात जामीन राहणारी माणसंही आहेत, आणि ती लहानसहान नाहीत. उत्पत्ती 43 मध्ये याकोबाचा मुलगा यहूदा बापाला म्हणतो, धाकट्या बन्यामिनाबद्दल मी जामीन, त्याला माझ्या हातून मागून घ्या. प्रेषित पौल फिलेमोनाला लिहितो, तुझ्या गुलामाचं, अनेसिमाचं काही देणं असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन, हे मी स्वहस्ते लिहितो आहे. म्हणजे जामीन राहणं हे पाप नाही. फरक असा की यहूदाने स्वतःला गहाण ठेवलं, बायकामुलांना नव्हे. आणि पौलाने जे लिहिलं ते अनेसिमाची सगळी हकीकत माहीत असताना लिहिलं. सिस्टरना बंधूंची हकीकत माहीत नव्हती. त्यांना फक्त सहा लाख हा आकडा आणि 'पोरीच्या नर्सिंगची फी' एवढंच ठाऊक होतं.

वसईचा एक कॅथलिक सहकारी माझ्या शेजारच्या टेबलावर वीसेक वर्षं होता. संत इग्नेशियस लोयोलाने सोळाव्या शतकात निर्णय घेण्याच्या ज्या रीती घालून दिल्या, त्या मला त्याच्याकडून कळल्या. पोपने त्या साधनेला 1548 मध्ये मान्यता दिली होती. आमच्या प्रोटेस्टंट घरात हे नाव कधी निघालं नव्हतं, पण रीत कामाची आहे. कधी न पाहिलेला एखादा माणूस हाच पेच घेऊन तुमच्याकडे आला, आणि त्याचं पूर्ण भलं व्हावं असं तुम्हांला मनापासून वाटतं आहे, तर त्याला काय सांगाल? मी सिस्टरना हेच विचारलं. वॉर्डात नवी आलेली एखादी नर्स हा फॉर्म घेऊन आली तर?

क्षणभरही न थांबता त्या म्हणाल्या, "तिला सांगेन, आधी त्याला विचार की सहा लाख कशाला."

नर्सिंगची फी वर्षाला किती असते, हे मुंबईत त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? आकडा त्यांनाही रविवारपासून खटकत होता. पण ज्याने आपल्या सासूला चार जिने उतरवलं त्याला हिशेब विचारणं म्हणजे अविश्वास, असं त्यांना वाटत होतं. पौल फिलिप्पैकरांसाठी प्रार्थना करतो ती अशी की तुमची प्रीती ज्ञानाने आणि सारासार विचाराने वाढावी. तिथे प्रीती आणि चौकशी एका ओळीत आहेत. आमच्या मनात मात्र त्यांचं भांडण असतं.

इग्नेशियसचा आणखी एक नियम त्या संध्याकाळी कामी आला: मन खचलेलं असताना आधीचा ठराव बदलू नये. सिस्टर बारा तास उभ्या राहून आल्या होत्या. मी म्हटलं, आज काही ठरवू नका. शनिवारी सुटी आहे ना? यजमानांना घेऊन बंधूंच्या घरी जा.

वडाळ्याच्या खोलीत

त्या भेटीला मी नव्हतो. दोन्ही घरांकडून जे ऐकलं ते जुळवून सांगतो.

बंधूंच्या घरी आधी प्रार्थना झाली, मग पोहे. सिस्टरनी फॉर्म काढून मधे ठेवला आणि म्हणाल्या, "दादा, मी अजून सही केलेली नाही. करीन किंवा करणार नाही, पण आधी सगळं सांगा. फी किती, आधीची कपात किती, आणि पगार थांबला तर काय?"

बंधूंनी फीचं पत्रक दाखवलं. खासगी कॉलेज, चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंगचा कोर्स, वर्षाला 90,000. म्हणजे चार वर्षांचे 3,60,000, आणि तेही एकदम लागणार नव्हते. पतपेढीची जुनी बाकी 60,000, ती नव्या कर्जातून वळती होणार. झाले 4,20,000. मग उरलेले?

बंधू पंख्याकडे बघत राहिले. बोलल्या त्या त्यांच्या पत्नी, ओट्याजवळून, मागे वळूनही न बघता: "ते सावकाराचं सांगा ना. कुठवर झाकाल?"

दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या आजारपणात दीड लाख घेतले होते. व्याज शेकडा पाच, महिन्याला. म्हणजे 7,500 दर महिन्याला नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. हमी म्हणून सही केलेले चार कोरे चेक त्याच्याकडे. शिवाय मोबाइलवरच्या कर्जाच्या अ‍ॅपचे तीसेक हजार, तेही या व्याजाचं भोक बुजवायला घेतलेले. वर्षाला साठ टक्के भरणारा माणूस चर्चमध्ये दर रविवारी दुसऱ्या बाकावर बसत होता आणि दर रविवारी काही ना काही दानपेटीत टाकत होता.

बंधू रडले. प्रभूने नाव मनात घातलं हे खोटं नव्हतं, असं ते म्हणाले. रात्री दोन वाजता झोप लागत नव्हती, तेव्हा मंडळीतली एकेक नावं डोळ्यांपुढे आणली, आणि नकार न देणारं नाव हेच होतं.

माझ्या मते या प्रकरणाचं वळण इथे आहे, सहीपाशी नाही. रविवारी प्रश्न होता, सही करू की नको. त्याचं 'हो' दिलं असतं तर सहा लाखांतले दीड लाख गुपचूप सावकाराकडे गेले असते, चार वर्षांची फी पहिल्याच दिवशी हातात येऊन घरखर्चात विरघळली असती, आणि सिस्टरचं घर त्याखाली. 'नाही' दिलं असतं तर बंधू दुसऱ्या कुणाला तरी गाठून सही मिळवते, किंवा सावकाराकडेच पुन्हा जाते. दोन्ही उत्तरं शास्त्राच्या वचनासकट देता आली असती.

काय केलं

सिस्टर आणि यजमान घरी येऊन दोन रात्री बोलले. लूक 14 मधला बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, तसे कागद घेऊन बसले, असं यजमान म्हणाले. मुलालाही बसवलं. बारावीचा पोरगा म्हणाला, "आपलं किती गेलं तर आपण उभे राहू?" उत्तर निघालं: महिन्याला सात हजारांपर्यंत. त्यापुढे गेलं तर त्याचा क्लास आणि आजीची औषधं यांत निवड करावी लागेल.

सोमवारी सिस्टरनी सहा लाखांच्या फॉर्मला नकार दिला, आणि दुसरा फॉर्म आणायला सांगितला. 2,10,000 चा, 36 हप्त्यांचा. त्यातून 60,000 ची जुनी बाकी मिटणार आणि दीड लाख हातात. हप्ता साधारण 6,875. म्हणजे सावकाराच्या नुसत्या व्याजापेक्षाही कमी, आणि तीन वर्षांनी संपणारा. अट एकच: पैसे जमा झाले त्याच दिवशी सिस्टरचे यजमान बरोबर येतील, आणि चारही कोरे चेक समोर फाडून घ्यायचे. तो सावकार बिनपरवान्याचा होता. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 प्रमाणे तो गुन्हाच, आणि तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. हे यजमानांनी त्याच्या कानावर घातलं, आवाज न चढवता. चेक मिळाले. शेवटच्या महिन्याचं व्याजही त्याने सोडलं.

फीसाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेत चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, तिऱ्हाईत जामीनदारही लागत नाही; आई किंवा वडील सहकर्जदार असतात. परतफेड कोर्स संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. 3,60,000 त्यात बसत होते. हे बंधूंना माहीतच नव्हतं. त्यांच्या जगात कर्ज म्हणजे पतपेढी नाहीतर सावकार. मधल्या काळात व्याज चढत राहतं, ते जमेल तसं भरत राहा, असं मी बजावलं.

हे सगळं लोण्यातून सुरी गेल्यासारखं झालं नाही. बँकेच्या शाखेत सहा खेपा झाल्या. एकदा उत्पन्नाचा दाखला, एकदा कॉलेजच्या मान्यतेचं पत्र, एकदा 'साहेब रजेवर'. फीच्या पहिल्या हप्त्याची तारीख कर्ज मंजूर व्हायच्या आधी आली, 45,000 कमी पडत होते. सिस्टरनी 15,000 दिले आणि ते उसने म्हणून दिले नाहीत, हे स्पष्ट सांगितलं. बुधवारच्या प्रार्थनेतल्या सहा घरांनी मिळून 22,000 जमवले. बाकीचे बंधूंच्या पत्नीने कानातलं मोडून भरले. दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की ज्याच्याजवळ जे आहे त्यावरून दान मान्य होतं, नसलेल्यावरून नाही. आणि दुसऱ्याची सोय व्हावी व तुमची ओढाताण व्हावी, असा त्याचा हेतू नाही. हा अध्याय आमच्याकडे फक्त इमारत निधीच्या रविवारी वाचतात.

नातं मात्र दुखावलं. बंधूंना वाटलं, सिस्टरनी आपल्या घरात येऊन आपल्याला उघडं पाडलं. तीन महिने ते चर्चमध्ये मागच्या बाकावर बसत होते आणि वॉर्डात कामापुरतं बोलत होते. सिस्टर मला म्हणाल्या होत्या, "सही केली असती तर निदान बोलले तरी असते." मी काही उत्तर दिलं नाही. नाताळाच्या आधी कॅरल पार्टी त्यांच्या मजल्यावर गेली तेव्हा बंधूच पेटी घेऊन पुढे होते. सासूबाईंच्या खाटेशी उभे राहून त्यांनी दोन कडवी जास्त म्हटली.

चौदाव्या महिन्यात बंधूंना कावीळ झाली. रजा संपली, दोन महिने बिनपगारी गेले, पतपेढीची नोटीस सिस्टरच्या हातात आली. दोन हप्ते, 13,750 रुपये. त्यांनी भरले. यजमानांनी सहीच्या दुसऱ्याच महिन्यापासून पोस्टात 1,000 चं आवर्ती खातं काढून ठेवलं होतं, खास याचसाठी; बायकोला सांगितलं नव्हतं. त्यात तोवर जे जमलं होतं त्यानेच बहुतेक भागलं. बंधू पुढे पाचशे पाचशे करून परत देत राहिले, पाकिटात घालून, पाकिटावर तारीख. शेवटची दोन पाकिटं अजून यायची आहेत.

एका बाबतीत माझं आणि सिस्टरचं जमलेलं नाही. त्या सावकाराकडे मंडळीतली आणखी निदान दोन घरं अडकलेली आहेत, असा माझा अंदाज आहे. मी म्हटलं, नाव सांगा, कमिटीत विषय काढू, उपनिबंधकाकडे अर्ज करू. त्या नाही म्हणाल्या. "काका, पैशाला जामीन राहिले ते मिटत आलंय. त्यांच्या अब्रूला जामीन राहिलेय ते तसंच आहे." मला हे पटत नाही. एका घराची लाज झाकताना दुसरी दोन घरं अंधारात राहतात, असं माझं म्हणणं. यजमानांना विचारलं, तर ते म्हणाले, "दोघांचंही बरोबर आहे, म्हणून तर अवघड आहे."

शेवटी मी नाव न घेता कमिटीला पत्र दिलं: अडचणीतल्या घरांसाठी छोटा बिनव्याजी निधी असावा आणि कर्जाचे कागद वाचून द्यायला महिन्यातून एक संध्याकाळ दोन माणसं बसावीत. पत्र पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकावर आहे. पहिल्या क्रमांकावर रंगकाम आहे.